मास्तर रेडिओत, मुलं वर्गात

मॅडिसनला युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवर व्हायलास हॉल नावाची काँक्रीटची, दिसायला जरा रुक्षच इमारत आहे. तिच्या बाहेर एक ऐतिहासिक पाटी उभी आहे. इथलं ‘डब्ल्यूएचए’ हे देशातलं सर्वांत जुनं रेडिओ केंद्र, असा त्या पाटीचा दावा. पिट्सबर्गकरांना तो मान्य नाही. पहिला सार्वजनिक गणपती कुणी बसवला, या पुण्यातल्या वादासारखाच हाही वाद चिवट आहे, तेव्हा मी त्यात पडत नाही. मला या केंद्राबद्दल सांगायचं आहे ते निराळंच. ऑक्टोबर १९३१ पासून इथून विस्कॉन्सिनच्या खेड्यापाड्यांतल्या शाळकरी मुलांना गाणं शिकवलं जाऊ लागलं, आणि पुढे पाच वर्षांनी चित्रकला. होय, चित्रकला. रेडिओवरून.

हे आत्ताच का सांगतो, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आपल्या मराठी शाळेचे गायनाचे आणि चित्रकलेचे तास कायमचे ऑनलाइन करावेत आणि रविवारचा भाड्याचा हॉल सोडून द्यावा, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. भाडं वाचेल, हिवाळ्यात बर्फातून गाड्या काढाव्या लागणार नाहीत, पुण्याच्या गाण्याच्या बाई घरबसल्या शिकवतीलच. मी धंद्याने सॉफ्टवेअर इंजिनिअर, पीएच.डी. सिग्नल प्रोसेसिंगमधली, म्हणून माझ्याकडे ‘टेक्निकल मत’ मागण्यात आलं. तेवढं मत दहा ओळींत देता आलं असतं. पण आपण ज्या गावात राहतो तिथेच हा प्रयोग चाळीस वर्षं चालला होता, हे वाचल्यावर मला दहा ओळी पुरेनात.

तेव्हाचं विस्कॉन्सिन डोळ्यांपुढे आणा. हजारो एकशिक्षकी शाळा. एक खोली, मधोमध शेगडी, पहिली ते आठवीची मुलं एकत्र, आणि शिकवायला बहुधा विशी-बाविशीची एक बाई. आपल्यापैकी ज्यांनी कोकणात किंवा मराठवाड्यात एकशिक्षकी शाळा पाहिली आहे त्यांना वेगळं वर्णन नको. गणित, वाचन, भूगोल तिने कसंही निभावलं असतं. पण गाणं सगळ्यांनाच येतं असं नाही, आणि येत असलं तरी सूर धरून द्यायला शाळेत वाद्य हवं. मुलं आठ वर्षं शिकून बाहेर पडायची आणि एक स्वरही ओळखता यायचा नाही. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दहा शेतांपैकी जेमतेम एकावर वीज पोहोचली होती, त्यामुळे अशा शाळांतला रेडिओ बॅटरीवर चालायचा. बॅटरी उतरली की गाणं बंद.

या शाळांसाठी विद्यापीठाने ‘विस्कॉन्सिन स्कूल ऑफ द एअर’ सुरू केलं. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. ओहायोत असं काम १९२९ मध्येच सुरू झालं होतं. इंग्लंडात बीबीसीने शाळांसाठी पहिला पाठ प्रसारित केला तो ४ एप्रिल १९२४ ला, आणि गंमत म्हणजे त्याचा विषय संगीत हाच होता. सांगणारे वॉलफर्ड डेव्हिस. म्हणजे रेडिओला शाळेची आठवण झाली तीच मुळी गाण्याच्या निमित्ताने.

मॅडिसनच्या गाण्याच्या पाठांचं नाव ‘जर्नीज इन म्युझिक लँड’ आणि शिकवणारे होते एडगर गॉर्डन, विद्यापीठात संगीतशिक्षणाचे प्राध्यापक. यांना सगळे ‘पॉप’ म्हणायचे. गॉर्डन यांनी वीस वर्षांहून अधिक काळ हे काम केलं. त्यांच्यापुढे अडचण काय होती, हे नीट पाहण्यासारखं आहे. गाणं शिकवणाऱ्याला मुलाचा आवाज ऐकू यावा लागतो. सूर उतरला, चढला, लय पळाली, हे कानाने कळतं आणि मग सांगता येतं. गॉर्डनना मायक्रोफोनपुढे उभं राहून एकाही मुलाचा आवाज ऐकू येत नव्हता. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांच्याकडे फक्त जाणारा रस्ता होता, परतीचा नव्हता.

मग त्यांनी तो परतीचा रस्ता दुसरीकडून काढला. गाण्यांची छापील पुस्तकं आधीच शाळांत पोहोचलेली असत. पाठात ओळ गाऊन दाखवायची आणि मुलांना गायला जागा सोडायची. त्या जागेत रेडिओवर काही नाही, पण शेकडो खोल्यांतून मुलं गातायत. आणि प्रत्येक खोलीत ती बाई उभी आहे. तिला गाणं येत नसेल, पण कोण गप्प बसलंय, कोण ओरडतंय, कुणाला ओळ पाठ नाही, हे तिला दिसतं. पुन्हा एकदा म्हणवून घेणं, मागच्या बाकावरच्या मुलाला पुढे आणणं, हे तिच्या हातात होतं. गॉर्डन सूर पुरवायचे, बाई कान आणि डोळे पुरवायच्या. आणि वर्षाअखेरीस, वसंतात, ही मुलं बसमधून, शेतावरच्या गाड्यांतून मॅडिसनला यायची, आणि वर्षभर जी गाणी आपापल्या खोलीत म्हटली ती सगळी मिळून म्हणायची. जागा कुठली, तर जनावरांची प्रदर्शनं भरवायला बांधलेलं विद्यापीठाचं स्टॉक पॅव्हिलियन. जो माणूस वर्षभर नुसता आवाज होता तो समोर हात हलवत उभा, आणि त्याला पहिल्यांदाच आपण काय शिकवलं ते ऐकू येतंय. त्या दुपारी गॉर्डनना काय वाटत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

याच काळात राष्ट्रीय पातळीवर वॉल्टर डॅम्रोश यांचा फार मोठा गाजावाजा होता. एनबीसीवरचा त्यांचा ‘म्युझिक ॲप्रिसिएशन अवर’ १९२८ ते १९४२ पर्यंत चालला. दर शुक्रवारी सकाळी अख्खा ऑर्केस्ट्रा, शिक्षकांसाठी मार्गदर्शिका, मुलांसाठी वह्या, इयत्तांप्रमाणे चार पायऱ्या. मुलांना हा प्रेमळ, जर्मन उच्चाराचा म्हातारा फार आवडायचा. पण इथे मुलाने करायचं काय? ऐकायचं आणि ओळखायचं. ही बासरी, हा अमक्याचा दुसरा भाग, ही तमकी सुरावट. थिओडोर अडोर्नो हे तत्त्वज्ञ तेव्हा नाझी जर्मनीतून येऊन अमेरिकेत रेडिओच्या संशोधन प्रकल्पावर काम करत होते. त्यांनी या कार्यक्रमाची सालटी काढणारा लांबलचक निबंध लिहिला. तो छापून यायला १९९४ उजाडलं. संगीत कळण्याऐवजी संगीत ‘ओळखता’ येणं हीच मिळकत मानली जाते, असा त्यांचा रोख. अडोर्नो हे गृहस्थ जॅझपासून सिनेमापर्यंत सगळ्यालाच नाकं मुरडत, त्यामुळे त्यांचं बोलणं थोडं मीठ लावूनच घ्यावं. तरीसुद्धा डॅम्रोश आणि गॉर्डन शेजारी ठेवले की फरक लख्ख दिसतो. एकाच्या वर्गातून मूल श्रोता होऊन बाहेर पडे, दुसऱ्याच्या वर्गातून गळा मोकळा होऊन. पैसा आणि नाव डॅम्रोशकडे होतं. १९४२ मध्ये कार्यक्रम अर्ध्या तासावर आणायची भाषा झाली आणि तो संपला. गॉर्डनना ऑर्केस्ट्रा परवडण्यासारखा नव्हताच, म्हणून त्यांनी मुलांनाच ऑर्केस्ट्रा केलं, असं मी गमतीने म्हणतो.

आता चित्रकलेकडे येतो, कारण खरी नवलाई तिथे आहे.

१९३६ मध्ये जेम्स श्वालबाख यांनी ‘लेट्स ड्रॉ’ सुरू केलं आणि ते १९७० पर्यंत चालवलं. चौतीस वर्षं! हे ऐकून माझ्या मुलीने विचारलं, “पण बाबा, दाखवणार कसं?” उत्तर असं की दाखवायचंच नाही. श्वालबाख गोष्ट सांगत. तिच्यात संगीत असे, आवाज असत: वारा, पाऊस, घोड्यांच्या टापा, जत्रेचा गलका. गोष्ट मुलाला एखाद्या जागी नेऊन सोडायची आणि मग कागद-खडू हातात घ्यायचे. झाड कसं काढायचं, घोड्याचा पाय कसा वळवायचा, हे सांगायचं नाही. सांगायचं ते एवढंच की तुला जे दिसलं ते काढ. कुठला कागद, कुठले रंग, काय तयारी, हे बाईंना आधीच टपालाने कळवलेलं. आणि झालेली चित्रं पाकिटांत घालून मॅडिसनला यायची. हा परतीचा रस्ता. तीन सेंटचं तिकीट लावून.

माझ्यासारखे महाराष्ट्रात शाळा झालेले लोक इथे जरा थबकतील. आमच्या ड्रॉइंगच्या तासाला सर फळ्यावर डोंगर, दोन डोंगरांमधून सूर्य, खाली झोपडी, झोपडीपुढून वाहणारी नदी काढायचे आणि आम्ही पंचावन्न जण तेच काढायचो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असे, तो खरं तर स्मरणातून काढायचा. पण तेही आम्ही आधी पाठ केलेलं असायचं. बाजाराचं एक चित्र, पावसाचं एक, बस स्टॉपचं एक. कुठलाही विषय आला तरी त्या तीनपैकी एकात बसवायचा. या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या लाखो मुलांच्या हातात ब्रश दिला, हे मी विसरत नाही. मला प्रमाणबद्धता कळली ती तिथेच. पण समोर नमुना असला की हात नमुन्याकडे जातो. श्वालबाखकडे नमुना दाखवायची सोयच नव्हती, आणि त्यांनी त्या अडचणीचाच उपयोग करून घेतला. एकाच गोष्टीवर शंभर शाळांतून आलेली चित्रं शंभर तऱ्हांची असत.

मग टेलिव्हिजन आला आणि दाखवायची सोय झाली. १९४६ मध्ये जॉन नॅगी या दाढीवाल्या चित्रकाराचा कार्यक्रम एनबीसीवर सुरू झाला. चेंडू, शंकू, ठोकळा आणि नळकांडं, या चार आकारांतून जगातली कुठलीही वस्तू काढता येते, ही त्यांची पद्धत. पंधरा मिनिटांत तुमच्या डोळ्यांदेखत कोठाराचं चित्र तयार, आणि तुमच्याही कागदावर तेच कोठार. त्यांचे ‘लर्न टु ड्रॉ’ चे संच दुकानातून धडाधड खपले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टशी संबंधित कलाशिक्षकांना याचा भयंकर राग आला. १९५० च्या दशकात त्यांनी जाहीर निषेध केला, की ही मुलांच्या कल्पनाशक्तीची गळचेपी आहे. त्यांचे म्होरके व्हिक्टर डॅमिको. यांनी नुसता निषेध केला नाही, तर १९५२ मध्ये स्वतःचा ‘थ्रू द एनचँटेड गेट’ नावाचा कार्यक्रम टीव्हीवर आणला, ज्यात मुलांना वस्तू हाताळायला देऊन आपल्या मनाने काहीतरी करू दिलं जाई. तो फार काळ चालला नाही. नॅगी मात्र पुढेही अनेक वर्षं पडद्यावर दिसत राहिले.

यात मी कुणाच्या बाजूने? डॅमिकोंचं म्हणणं मला पटतं. पण खेड्यात बसलेल्या, आजूबाजूला एकही चित्रकार नसलेल्या एखाद्या पोराला ‘ठोकळ्याला सावली अशी पडते’ हे कुणीतरी सांगितलं, त्याचीही किंमत मी कमी लेखणार नाही. तंत्र शिकवणं म्हणजे गळचेपी, हे मला मान्य नाही. पलटे घोटले म्हणून कुणाचं गाणं मेलेलं नाही. नॅगींची खरी उणीव वेगळी होती. ठोकळा नीट आला की नाही, हे पाहायला पलीकडे कुणीच नव्हतं.

त्याच्या उलट उदाहरण मिनिआपोलिसचं, आपल्या शेजारच्या राज्यातलं. तिथे टपालाने चित्रकला शिकवणारी एक मोठी संस्था होती. १९४० च्या सुमारास सेंट पॉलच्या एका न्हाव्याच्या मुलाने, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला असताना, तिच्यात नाव घातलं. फी १७० डॉलर. बापाला ती हप्त्याहप्त्याने भरताना नाकी नऊ आले. संस्था नदीपलीकडे, ट्रामने जाता येईल एवढ्या अंतरावर. तरी हा मुलगा चित्रं टपालानेच पाठवायचा, कारण समोर जाऊन दाखवायचा धीर होत नव्हता. तपासनीस प्रत्येक चित्रावर शेरे लिहून परत पाठवत. ‘लहान मुलांची रेखाटनं’ या भागात त्याला ‘सी प्लस’ मिळालं. मुलाचं नाव चार्ल्स शुल्झ. युद्धावरून परतल्यावर तो त्याच संस्थेत इतरांची टपालाने आलेली चित्रं तपासायला लागला आणि तिथल्या एका सहकाऱ्याचं नाव, चार्ली ब्राऊन, त्याने १९५० मध्ये आपल्या व्यंगचित्रमालिकेतल्या मुलाला दिलं. जगातली सर्वांत ओळखीची लहान मुलं काढणाऱ्याला लहान मुलांच्या चित्रात ‘सी प्लस’, ही गोष्ट सगळे हसत सांगतात. मला तीत दिसतं ते असं की कुणीतरी त्याचं चित्र हातात घेऊन, पाहून, ‘सी प्लस’ असं लिहिलं. तेवढी दखल पडद्याने त्याला दिली नसती.

आपल्याकडेही हा प्रश्न फार आधी आला होता, फक्त आपण त्याला दूरशिक्षण म्हणत नव्हतो. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी क्रमिक पुस्तकमालिका काढली आणि कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून स्वरलिपीची पुस्तकं छापली, तेव्हा बुजुर्ग गवयांचा आक्षेप हाच होता की कागदावरून गाणं येत नाही. दोन्ही विष्णूंचं एकमेकांशी सगळं जमत होतं असं नाही, लिप्याही वेगळ्या. पण पुस्तकाने गुरूची जागा घ्यावी असं दोघांचंही म्हणणं नव्हतं. पुस्तक बंदिश पोहोचवतं, ती गळ्यात बसली का, हे पाहायला समोर माणूस लागतो. कलकत्त्याला पंकज मलिक यांनी १९२९ पासून रविवारी सकाळी रेडिओवर गाणं शिकवायला सुरुवात केली ती जवळजवळ १९७५ पर्यंत. न्यू थिएटर्सच्या सिनेमांमुळे आपल्या आईवडिलांच्या पिढीला ते गायक म्हणून माहीत. बंगालात मात्र ते घराघरातले गाण्याचे मास्तर होते. कडवं सावकाश सांगायचं, लिहून घ्यायला वेळ द्यायचा, मग ओळ म्हणायची. गॉर्डन यांच्याशी त्यांचा काही संबंध असण्याचं कारण नाही, पण जागा सोडण्याची युक्ती तीच. पुण्यात १९८४ मध्ये शैक्षणिक चित्रफितींसाठी ‘बालचित्रवाणी’ निघाली. ती २०१७ मध्ये बंद पडली, आणि तीनच वर्षांनी तिची गरज अख्ख्या राज्याला पडावी, हा दैवदुर्विलास.

शाळा अचानक बंद पडण्याचाही इथे जुना अनुभव आहे. सप्टेंबर १९३७ मध्ये शिकागोत पोलिओची साथ आली. शाळा उघडायच्या लांबल्या आणि तिसरी ते आठवीच्या सुमारे सव्वातीन लाख मुलांना रेडिओवरून घरी शिकवण्यात आलं. वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून येई. एक दिवस समाजशास्त्र आणि विज्ञान, दुसऱ्या दिवशी इंग्रजी आणि गणित. गाण्याला आणि चित्रकलेला त्यात नियमित पाठ नव्हते. पेटलेल्या घरातून आधी दागिने बाहेर काढतात, तंबोरा मागाहून. त्यांना दोष देता येत नाही. मार्च २०२० मध्येही तेच झालं. जगभरात दीडशे कोटींहून जास्त मुलं शाळेबाहेर पडली, आणि प्रत्येक शाळेने आधी गणित आणि भाषा सावरल्या. आपल्या मंडळाने त्या वर्षी गाणं आणि चित्र दोन्ही चालू ठेवली, याबद्दल तेव्हाच्या कार्यकारिणीचं आणि पुण्याच्या बाईंचं कौतुक करावं तेवढं थोडं.

आता माझं ‘टेक्निकल मत’.

एकत्र गाणं-वाजवणं म्हणजे वेळेचा खेळ. स्टॅनफर्डच्या क्रिस चेफ यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोघा-दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून टाळ्या वाजवायला लावल्या आणि मधला विलंब बदलत नेला. साधारण १२ मिलिसेकंदांच्या पलीकडे विलंब गेला की लय हळूहळू मंदावायला लागते. १२ मिलिसेकंदांत आवाज हवेतून सुमारे चार मीटर जातो; म्हणजे गायक आणि तबलजी एकाच बैठकीत बसतात तेवढं अंतर. आपल्या पूर्वजांनी बैठकीची मांडणी प्रयोगशाळेशिवाय ठरवली, पण बरोबर ठरवली! इथून पुणे सरळ रेषेत १३,००० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं एका बाजूने जायला ६५ मिलिसेकंद, तेही तंतू सरळ टाकला असता तर. प्रत्यक्षात केबल समुद्रतळावरून वळणं घेत जाते, मग दोन्हीकडचे कॉम्प्युटर आपला वेळ खातात, आणि २०० मिलिसेकंद सहज होतात. आवाजाच्या हिशेबात हे जवळपास ७० मीटर. गायक फुटबॉलच्या मैदानाच्या एका टोकाला आणि तबलजी मधली रेघ ओलांडून पार तिकडच्या अर्ध्या भागात. मध्यलय तीनतालात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली, तर जाऊन-येऊन पाऊण मात्रा हवेतच जाते. सम एकत्र यायचीच नाही. कितीही महाग इंटरनेट घेतलं तरी प्रकाशाचा वेग वाढत नाही.

दुसरी गंमत तानपुऱ्याची. ही सगळी व्हिडिओची सॉफ्टवेअरं बोलण्यासाठी बनवलेली. बोलणं चढतं-उतरतं, थांबतं; पंख्याचा, एसीचा आवाज एकसारखा चालू राहतो. तेव्हा जो आवाज एकसारखा चालू आहे तो गोंगाट समजून पुसून टाकायचा, असा त्यांचा नियम. आता एकसारखा, न थांबणारा, न बदलणारा आवाज म्हणजे काय? तानपुरा. सॉफ्टवेअर त्याला पंखा समजतं आणि इमानेइतबारे पुसतं. मूल आपल्या खोलीत तानपुऱ्यावर गात असतं आणि पुण्याच्या बाईंना नुसता निराधार आवाज ऐकू जातो. हे बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती कुठे आहे हे मी प्रत्येक पालकाला दाखवून द्यायला तयार आहे. पण मुळात ते यंत्र आपल्यासाठी बनवलेलं नाही, हे ध्यानात असावं.

चित्रकलेचं तर त्याहून साधं आहे. कॅमेरा मुलाच्या तोंडाकडे बघतो, कागदाकडे नाही. चित्रकलेच्या तासाला शिक्षकांना पडद्यावर बारा कपाळं दिसतात, खाली वाकलेली. तास संपताना मुलं कागद उचलून अर्धा सेकंद दाखवतात, सर ‘छान, छान’ म्हणतात. हात कुठे अडला, खोडलं किती वेळा, रंग आधी लावला की रेघ, यातलं काहीही दिसत नाही. जुना फोन पुस्तकांच्या चळतीवर उलटा ठेवून कागदावर रोखला तर हे सुधारतं. आपल्याकडच्या दोन आयांनी ते केलंही आहे.

म्हणून माझं मत असं. पुण्याच्या बाई हव्यातच. त्यांच्यासारखं शिकवणारं इथे दोनशे मैलांत कुणी नाही, आणि मुलं त्यांच्यामुळे प्रवेशिकेपर्यंत पोहोचली आहेत. पण त्यांचा आवाज रविवारी हॉलमध्ये, एका बऱ्या स्पीकरवर यावा आणि मुलं एकत्र बसून त्यांच्यामागून म्हणावीत. ठेका आणि तानपुरा हॉलमध्येच वाजावा, पुण्याहून नको. ओळ म्हणून बाईंनी थांबावं, त्या जागेत मुलांनी गावं, आणि कुणीतरी मोठं माणूस खोलीत असावं. त्याला गाणं यायला हवं असं नाही. मागे बसलेल्या मुलाचे ओठ हलतायत का, एवढं दिसलं तरी पुरे. चित्रकलेच्या तासाला विषय तोंडी सांगावा, नमुना दाखवू नये, आणि महिन्यातून एकदा कागद खरोखरच टपालाने सरांकडे जावेत. स्कॅन करून नकोत. कागदावर हाताचा दाब दिसतो, रंग कुठे दाट झाला ते बोटाला लागतं. टपालखर्च मी काढला आहे, हॉलच्या एका महिन्याच्या भाड्यापेक्षा वर्षाचा खर्च कमी येतो. आणि बाई दर दोन वर्षांनी मुलीकडे न्यू जर्सीला येतातच, तेव्हा त्यांना चार दिवस इकडे आणून मुलांना समोर बसवून गायला लावावं. त्यांनी गेल्या पाच वर्षांत आपली मुलं एकत्र गाताना एकदाही ऐकलेली नाहीत.

भाड्याचा प्रश्न खराच आहे, आणि बर्फाचाही. डिसेंबर ते फेब्रुवारी तास घरून घ्यावेत, याला माझी हरकत नाही. विस्कॉन्सिनच्या त्या शाळांतही हिवाळ्यात मुलं रोज येत असतील असं नाही. उरलेल्या महिन्यांचं भाडं कसं भरायचं, याचे दोन-तीन मार्ग मी खजिनदारांना लिहून दिले आहेत. कार्यकारिणीची बैठक पुढल्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे, सभासदांना बसता येतं. हॉल ठेवायचं ठरलं तर मंडळाची पेटी माझ्या गॅरेजमध्ये आहे. भात्याला एक बारीक चीर गेली होती ती मी बुजवली आहे. उचलायला दोघं लागतील.